घरचं बियाणं

२ जून, सोमवार. सकाळी ७.१०

पोराचा, अमरचा, शुक्राणूंचा रिपोर्ट शून्य आला. यवतमाळच्या डॉक्टरबाईंनी कन्फर्म केलं. घरात बायकोनं, इंदूनं, कन्फर्म केलं, तेही पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे पाठ करून. अमरनं काहीच कन्फर्म केलं नाही. तो न खाता शाळेत गेला. तिथे क्लार्क आहे. शाळेला अजून सुट्टी आहे.

शून्य म्हणजे कमी नव्हे, शून्य. लग्नाला सहा वर्षं झाली. सहा वर्षं आम्ही सुनेला, म्हणजे वैष्णवीला, पपई खाऊ दिली नाही. तिची माफी मागावी का, यावर विचार करायचा आहे. सीझन संपल्यावर.

कारण बहुतेक गालगुंड, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. अमरला तेराव्या वर्षी झालं होतं. मी घरीच लेप लावला होता. यवतमाळला नेलं नाही, पेरणीची गर्दी होती. ते असो.

आता दोन मार्ग आहेत. दत्तक, नाहीतर स्पर्म बँक. बँकेत देणाऱ्याचं नाव कळत नाही, गाव कळत नाही. रक्तगट, उंची, रंग, शिक्षण, बस. मी दिग्रसला पस्तीस वर्षं कृषी केंद्र चालवतो. टॅग नसलेली बॅग मी कधी दुकानाच्या पायरीवर उतरवू दिली नाही. हा माल माझ्या घरात येणार नाही.

दुपारी २.३०

एक शेतकरी आला होता. म्हणाला, भाऊ, यंदा सोयाबीन इकत घेऊ का घरचंच पेरू. मी म्हटलं, बाप्पा, घरचं बियाणं चांगलं हाय तर बाहेर कायले हिंडता. बोललो आणि तिथेच थांबलो. तो घेतलेल्या खताचे पैसे न देता निघून गेला तरी मला कळलं नाही.

घरात मी आहे.

अमरमध्ये जे आहे ते माझंच. मी म्हणजे मूळ लॉट. सरकारी भाषेत पायाभूत बियाणं. रक्तदान मी सतरा वेळा केलं आहे, दोनदा फोटोही छापून आला. हे त्याच प्रकारचं. सगळं काम डॉक्टर करतात, काचेच्या नळीत. कोणाचा कोणाशी संबंध येत नाही. नाक आमचं राहतं, आडनाव आमचं राहतं, आणि गालगुंडाचा विषय कायमचा बंद होतो.

आत्ता कोणाला सांगायचं नाही. आधी तयारी.

३ जून, मंगळवार. सकाळी

वैष्णवीच्या टेबलावर डॉक्टरबाईंचं माहितीपत्रक होतं. वाचलं. बियाण्याचा परवाना तिच्या नावावर आहे, ती बी.एस्सी. ॲग्री आहे, त्यामुळे दुकानातले सगळे कागद तिच्या टेबलावर असतात आणि ते वाचणं माझं कर्तव्यच आहे.

देणाऱ्याचं वय २१ ते ५५.

माझी जन्मतारीख १ जुलै १९६९. म्हणजे ३० जूनपर्यंत मी ५५ आहे. अठ्ठावीस दिवस हातात. एवढा नेमका योग उगाच येत नाही.

इंदूला ही तारीख मान्य नाही. ती म्हणते गुरुजींनी शाळेत सगळ्यांचीच १ जुलै लिहिली होती. हे खरं आहे. आमच्या वर्गात एकतीस जण होतो आणि एकतीसच्या एकतीस १ जुलैचे. माझी आई सांगायची की मी १९६५ च्या दिवाळीतला. पण आईकडे कागद नव्हता. आधार कार्डावर जे आहे ते वय. सरकारपेक्षा आईला जास्त माहीत होतं असं समजण्यात अर्थ नाही.

संकल्प: तंबाखू-सुपारीचा खर्रा आजपासून बंद. रोज पाच किलोमीटर चालणे. भिजवलेले बदाम. केसांना डाय.

५ जून, गुरुवार

खर्रा दोन दिवस पूर्ण बंद होता. आज एकच खाल्ला, तोही अर्धा, कारण उरलेला अर्धा वाया गेला असता म्हणून तो दुपारी खाल्ला. चालणं सुरू केलं. बसस्टँडपर्यंत गेलो. ऊन फार होतं, परत ऑटोनं आलो. डाय केला. वैष्णवीनं विचारलं, बाबा, कोणाचं लग्न हाय का. मी म्हटलं, कंपनीचे लोक येऊन राह्यले.

बदाम अमरनं खाल्ले. मी त्याला ओरडलो नाही. हल्ली तो घरात कोणाशी बोलत नाही. खातो तरी आहे.

८ जून, रविवार

पूनमसिंग आला होता. तांड्यावरचा जुना मित्र, तूर आणि गाई दोन्ही राखून आहे. त्याच्याकडे विषय काढला, माझा नाही, एका मित्राचा म्हणून. मित्राच्या पोराला लेकरू होत नाही, मित्र स्वतः मदत करायला तयार आहे, यात तुला काय वाटतं.

पूनमसिंग बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, पंजाबभाऊ, तांड्यावर आम्ही सांड कायम दुसऱ्या गावचा आणतो. आपल्या गोठ्यातला आपल्याच गोठ्याले चालवत नाय. मी म्हटलं, अरे माणसाचं वेगळं असते. तो म्हणाला, वेगळंच तर असते, गाईले लाज नसते. मग विचारलं, तुह्या मित्राचं वय काय. मी म्हटलं, पंचावन्न. तो म्हणाला, तुह्याच वर्गातला दिसते.

उठताना म्हणाला, मित्राले सांग, पहिले पोराले इचार. मग दवाखान्याचं पाहाय.

पूनमसिंग चांगला माणूस आहे, पण त्याला विज्ञान कळत नाही. मुलाला आधी विचारलं तर मुलगा नाही म्हणू शकतो. पूर्ण तयारी करून समोर गेलं की त्याला आनंदाशिवाय पर्याय राहत नाही.

११ जून, बुधवार. यवतमाळहून आल्यावर

घरी डीलर मीटिंग सांगितली. सकाळच्या एसटीनं यवतमाळ. डॉक्टरबाईंकडे नाही, वेगळी लॅब शोधली. घरचं बियाणं पेरण्याआधी उगवण चाचणी करावी, हे मी शेतकऱ्यांना दरवर्षी सांगतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. मी स्वतः नियम मोडणार नाही.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, पेशंटला पाठवा, काका. मी म्हटलं, मीच पेशंट. वय? पंचावन्न. तिनं एकदा माझ्या डायकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. मोबाईल नंबर विचारला, सांगितला. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येईल म्हणाली.

खोली लहान. खुर्ची, बेसिन, बंद पडलेला पंखा. डबी हातात घेतली आणि फोन वाजला. फुलसावंगीचा एक शेतकरी. म्हणाला, भाऊ, तुमच्याकडल्या मालाची उगवण किती हाय. मी म्हटलं, ऐंशीच्या वर. तो म्हणाला, गॅरंटी हाय का, मागच्या खेपेले फसलो मी. मी म्हटलं, माणूस पाहून भरोसा ठेवत जा. तो म्हणाला, आवाज काहून बारीक येऊन राह्यला, कुठी हा तुम्ही. मी म्हटलं, गोडाऊनमध्ये.

यानंतर मन लागायला वेळ लागला. बाहेरून दोनदा दार वाजलं. पण काम झालं. माणसाची इच्छाशक्ती महत्त्वाची.

परतीच्या बसमध्ये खर्रा खाल्ला. तो प्रवासातला, धरायचा नाही.

१३ जून, शुक्रवार

रिपोर्ट आला नाही. चिंता नाही. चांगल्या रिपोर्टला वेळ लागतो, दोनदा तपासतात.

नावं काढून ठेवली. मुलगा झाला तर माझ्या वडिलांचं नाव. तो माझा नातू म्हणायचा की मुलगा, हे शब्द नंतर ठरवू.

१४ जून, शनिवार. संध्याकाळ

रिपोर्ट आला होता. कालच आला होता. मी लॅबमध्ये सवयीनं दुकानाचा नंबर सांगितला. पस्तीस वर्षं तोच सांगतोय. दुकानाचं व्हॉट्सॲप वैष्णवीच्या कॉम्प्युटरवर उघडतं. सोयाबीनच्या दोन चलनांच्या मधोमध तो होता. नाव पंजाबराव, वय ५५, पुढे आकडे.

वैष्णवीनं प्रिंट काढली, पाकिटात घातली, पाकिटाला स्टेपलर मारलं आणि काउंटरवर माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, बाबा, हे तुमचं हाय, दुकानाच्या फाईलमध्ये लावता येणार नाही. मग ती दुपारी तीनलाच घरी गेली. भर सीझनमध्ये.

हलणारे १२ टक्के. बाकीचे विश्रांती घेत असावेत. एसटीचे धक्के, ऊन, फोन, कारणं उघड आहेत. सत्तरच्या खालचा लॉट मी कोणाला विकत नाही, पण हा नियम सोयाबीनचा आहे.

१५ जून, रविवार

इंदूला कळलं. वैष्णवीनं अमरला सांगितलं, अमरनं आईला विचारलं, इंदू माझ्यासमोर येऊन बसली. तिला मी सगळं शांतपणे, मुद्देसूद समजावलं. पायाभूत बियाणं, नाक, आडनाव, कायदा, काचेची नळी.

ती म्हणाली, झालं? मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, आता मले एवढं सांगा. त्या लेकराचा अमर कोण?

मी म्हटलं, बाप.

ती म्हणाली, एका बापाची दोन लेकरं एकमेकांची कोण असतात? मी म्हटलं, भाऊ, पण ते फक्त विज्ञानाच्या दृष्टीनं. ती म्हणाली, मंग सासरी हाय ते आपली पोरगी, अमरची बहीण, त्या लेकराची आत्या का बहीण? आन मी कोण हो? त्याची आजी, का सावत्र माय? या वयात मले सावत्र माय करून राह्यले तुम्ही?

मी म्हटलं, बाहेर कोणाले समजणार हाय. ती म्हणाली, मले समजते ना. मी घरातच राहतो.

मग तिनं खालच्या आवाजात म्हटलं की वैष्णवी कालपासून तुमच्यासमोर यायले लाजून राह्यली. सहा वर्षं तुम्हाले बाबा म्हणते ते पोरगी. तुम्ही एवढा हिशेब केला, तिच्या डोळ्यानं एकदा तरी पाह्यलं का?

हा मुद्दा माझ्या टिपणात नव्हता. उत्तर तयार करतो आहे.

१७ जून, मंगळवार

उत्तर अजून तयार झालेलं नाही. वैष्णवी दुकानात येते, काम करते, माझ्या बाजूला बघत नाही. आज मला चहा विचारायचं विसरली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

अमर दोन दिवस मित्राकडे जेवला. इंदू म्हणते, ते दोघं यवतमाळला खोली पाहून राह्यले. शाळेत बदलीचा अर्ज टाकतो म्हणाला. दोघं गेले तर परवाना जाईल, दुकान बंद पडेल. मी दुकानाची काळजी करतो आहे, दुसरं काही नाही.

१९ जून, गुरुवार

डॉक्टरबाईंना फोन केला. जनरल माहितीसाठी, नाव न सांगता. त्यांनी पहिलंच वाक्य म्हटलं, बोला आजोबा. आवाजावरून. मी नोंद घेतली.

विचारलं की वय पंचावन्नच कशाला, माझ्या ओळखीत साठीचे लोक नांगर धरतात. त्या म्हणाल्या, नांगर धरायला हरकत नाही. पण वय वाढलं की बाळाच्या काही आजारांची जोखीम वाढते. त्याचं ओझं देणाऱ्यावर नाही, बाळावर येतं, आणि बाळाची सही आपण घेतलेली नसते. घरचा माणूस चालतो का, या माझ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर: नाही. देणारा बँकेचाच, आणि दोन्ही बाजूंना एकमेकांचं नाव कळत नाही.

मग मी माझा हुकमाचा प्रश्न काढला. त्याच माणसाची दुसरीकडे मुलगी झाली, आणि उद्या यवतमाळच्या कॉलेजात आमच्या पोराला तीच आवडली तर? त्या म्हणाल्या, म्हणूनच एका माणसाचं एकाच जोडप्याला देतात. तुम्ही ज्या नात्याच्या गुंत्याला भिता, तो बँकेत टाळलेला आहे. घरात कसा टाळणार?

एकंदर डॉक्टरबाई माझ्याच मुद्द्यांवर आल्या.

२२ जून, रविवार. सकाळी

अमरला गाठलं. गोडाऊनमध्ये बॅगा लावत होता. मी म्हटलं, हे पाय, मी काही वाईट मनानं केलं नाही. तो बॅगा लावत राहिला. मी म्हटलं, तो बँकवाला कोण, कुठला, काही माहीत नाही. आपल्या घरात काहून घ्यायचा?

तेव्हा तो बॅगेवर बसला. म्हणाला, बाबा, तो माहीत नाही म्हणूनच चालते मले. त्याले नाव नाही, गाव नाही, तो संध्याकाळी घरी जेवायले येत नाही. तुम्ही येता. लेकरू तुमच्या अंगावर खेळन, लोक म्हणतीन अगदी आजोबावर गेलं, अन् मी तिथंच बसून राहीन. दरवेळी मले वाटन का हे तुमचं हाय, माह्यं नाही. घर तुमचं, दुकान तुमचं, आडनाव तुमचं. एवढं एक तरी माह्यं राहू द्या.

मी म्हटलं, पण त्याचं नाक.

तो म्हणाला, बाबा, नाक मी पुसून देईन. रोज. मंग ते माह्यंच होईन.

दोन बॅगा लावू लागलो. तो म्हणाला, राहू द्या, कंबर धरन. मी तरी लावल्या. कंबर धरली.

२४ जून, मंगळवार

पडून आहे. इंदू शेकते आहे. शेकताना म्हणाली, साठीत कोणी बॅगा उचलते का. मी म्हटलं, पंचावन्न. ती म्हणाली, कंबरेले विचारा.

पडल्या पडल्या विचार केला. या प्रकरणात मी घाई केली असं नाही, पण वेळ थोडी लवकर साधली. आज वैष्णवीला बोलावलं. ती दारातच उभी राहिली. मी म्हटलं, बेटा, ते पपईचं आमचं चुकलं. ती दाराची कडी लावत-काढत राहिली. मी म्हटलं, आन ते दुसरंही. ती म्हणाली, कोणतं दुसरं, बाबा? मी म्हटलं, पाकिटातलं. ती म्हणाली, मी ते जाळून टाकलं, तुम्ही काउंटरवरच विसरले होते. आन शेतकऱ्यायले फोन करा, सकाळपासून सोळा जण विचारून राह्यले, भाऊ कुठी हा.

मग तिनं चहा आणून दिला. साखर कमी होती. तरी पूर्ण घेतला.

२८ जून, शनिवार

कंबर बरी. अमर बाईकवर घेऊन गेला, एका गिऱ्हाइकाच्या शेतात उगवण पाहायला. येताना गाडी चालवता चालवता, मागे न बघता म्हणाला, त्या गालगुंडाचं मनात धरू नका. डॉक्टरबाईले म्या विचारलं. यवतमाळले नेलं असतं तरी हेच झालं असतं म्हणे, कदाचित.

मी हे कोणाजवळ बोललो नव्हतो. म्हटलं, मी कुठी मनात धरलं. तो म्हणाला, बरं.

हेल्मेट नव्हतं, त्यामुळे वाऱ्यानं डोळ्यात कचरा गेला. दोन्ही डोळ्यांत.

बदलीचा अर्ज अजून टाकला नाही, असं इंदूकडून समजतं.

१ जुलै, मंगळवार

वाढदिवस. शाळेच्या ग्रुपवर सकाळपासून एकमेकांना शुभेच्छा. एकतीसपैकी तेवीस उरलो आहोत. तेवीस जणांनी बावीस जणांना केक पाठवला. फोन हँग झाला.

कागदावर ५६. त्यामुळे कायद्यानं मी बाद. खरं तर मी स्वतःहूनच माघार घेतली होती, पण ते सांगायला आता पुरावा नाही.

खर्रा सोडण्याचा संकल्प नव्यानं. उद्यापासून, आज वाढदिवस आहे.

५ जुलै, शनिवार. दुपारी

अमर आणि वैष्णवीनं बँकेतून घ्यायचं ठरवलं. माझीही सूचना साधारण हीच होती. रक्तगट अमरचा, उंची अमरएवढी, रंग अमरसारखा. मी विचारलं, शिक्षण किती. वैष्णवी म्हणाली, पदवी आहे. मी म्हटलं, कशातली? ती म्हणाली, बाबा. मी पुढे विचारलं नाही.

बाहेर कोणाला सांगायचं नाही. लेकराला योग्य वयात ते दोघं सांगतील, त्यांच्या पद्धतीनं. त्या वेळी मी तिथे हजर राहून थोडी माहिती दिली तर चालेल का, असं विचारलं. इंदूनं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली. हे उत्तर होतं.

फॉर्म भरत होते, टेबलावर. मी चष्मा लावून बसलो. घरच्या एवढ्या मोठ्या कागदावर आपलं नाव कुठेच नसावं याचं वाईट वाटलं, तसं बोललो नाही. अमरनं पान उलटलं. म्हणाला, हाय ना, हे पाहा. खरंच होतं. शेवटच्या पानावर, तातडीच्या वेळी संपर्क, या रकान्यात. पंजाबराव. नाते: वडील. अमरच्या अक्षरात. यावेळी नंबर त्यानं माझ्या खिशातल्या फोनचा लिहिला, दुकानाचा नाही.

मी विचारलं, तातडी म्हणजे काय करायचं असते. तो म्हणाला, काही नाही. फोन आला तर उचलायचा. सल्ला द्यायचा नाही.

सोमवारी सकाळी आठच्या गाडीनं दोघं यवतमाळला जातील. अकराला नंबर आहे. दुकान मी पाहणार. फोन चार्जिंगला लावला आहे.